रक्ताचा एक थेंब आणि समाजाचे स्वास्थ्य

(सेवाकार्यातील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संघटनेच्या कामात संख्येला मोठे महत्त्व आहे. शाखेवर संख्या घेतली जाते, बैठकीत वृत्त दिले जाते, कोण आले, कोण आले नाही, का आले नाही, याची विचारपूस होते. माणसाची अशी नोंद ठेवणे म्हणजे त्याची काळजी वाहणे होय, हा त्यामागील भाव आहे. परंतु याच माणसाच्या कमरेचा घेर किती, रक्तदाब किती, उपाशीपोटी रक्तात साखर किती, याची नोंद मात्र त्याच्या स्वतःच्या घरीही नसते. वीस वर्षे नित्यनेमाने काम करणारा कार्यकर्ता पन्नाशीच्या उंबरठ्यावर छातीत कळ येऊन अकस्मात कोसळतो, तेव्हा सगळे हळहळतात. 'काल तर भेटलो होतो, काहीही त्रास नव्हता,' असे प्रत्येक जण म्हणतो. त्रास नव्हता हे खरेच असते. पण सूचना मात्र दहा वर्षांपासून मिळत होत्या आणि त्या वाचणारे कोणी नव्हते.

त्या सूचना वाचण्याचे एक साधन आज हाताच्या तळव्यावर मावते. बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब, एक लहानशी पट्टी आणि काही सेकंद ते काही मिनिटांचा अवधी, एवढ्यावर जागच्या जागी तपासणी होते. हे साधन काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही आणि ते हाती आल्यावर समाजाने काय करावयाचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाच लक्षणांचा समूह

१९८८ साली अमेरिकेतील वैद्यकशास्त्रज्ञ जेराल्ड रिव्हन यांनी आपल्या व्याख्यानात एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. रक्तातील वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेली चरबी या तीन गोष्टी एकाच माणसात वारंवार एकत्र आढळतात आणि त्यांच्या मुळाशी शरीराने इन्सुलिनला दाद न देणे, म्हणजेच इन्सुलिन-प्रतिरोध असतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी त्यास 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. पुढे 'मेटॅबॉलिक सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. मराठीत त्यास चयापचयातील बिघाडाचा लक्षणसमूह म्हणता येईल.

२००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन या समूहाचे निकष निश्चित केले. निकष पाच आहेत. पहिला कमरेचा घेर : दक्षिण आशियाई पुरुषात ९० सेंटिमीटर वा अधिक, स्त्रीत ८० सेंटिमीटर वा अधिक. दुसरा रक्तदाब : १३०/८५ वा अधिक. तिसरा उपाशीपोटी रक्तशर्करा : दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम वा अधिक. चौथा ट्रायग्लिसराइड ही चरबी : १५० वा अधिक. पाचवा एचडीएल, म्हणजे बोलीभाषेत ज्यास 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते : पुरुषात ४० पेक्षा कमी, स्त्रीत ५० पेक्षा कमी. या पाचांपैकी कोणतेही तीन आढळले, अथवा त्यांवर औषध चालू असले, की मेटॅबॉलिक सिंड्रोम आहे असे मानले जाते.

यातील मर्म असे की, यांतील एकेक आकडा सुटा पाहिला तर तो क्षुल्लक वाटतो. साखर १०४ आहे, म्हणजे मधुमेह नाही. रक्तदाब १३२ आहे, वयोमानाने असायचाच. पोट थोडे सुटले आहे, ते तर सुखवस्तूपणाचे लक्षण! घरातले अशी समजूत काढतात आणि विषय संपतो. परंतु हे तिघे एकत्र आले म्हणजे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका लक्षणीय वाढतो. दरोडेखोर एकेकटे हिंडत असताना कोणी ओळखत नाही, टोळी जमली की गाव लुटले जाते, तसाच हा प्रकार आहे.

सडपातळ देहातील छुपी चरबी

'आमच्याकडे कोणी लठ्ठ नाही' हे समाधान भारतीयांपुरते तरी फसवे आहे आणि हे सिद्ध करणारे मोलाचे संशोधन महाराष्ट्रात, पुण्यात झालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा अंक, अगदी सारखा होता : २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. बाहेरून दोघेही सडपातळच होते, पण एकाच्या देहात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी होती.

ही चरबी येते कोठून? पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बालकांचा जो अभ्यास डॉ. याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, त्याने या प्रश्नाला मूलगामी उत्तर दिले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बालके स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे कृश दिसणारे मूल जन्मतःच चरबीचा साठा घेऊन येते. असे मूल पुढे शहरात आले, बैठ्या नोकरीत बसले आणि ताटात तेल-साखर वाढली की त्याच्या शरीराला ते पेलवत नाही. यास्तव या विकाराचा उगम केवळ माणसाच्या जिभेच्या लाडात शोधणे अन्यायाचे होईल. त्याची एक मुळी मातेच्या पोषणात आहे. घरातील सून गर्भारपणी सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवत असेल, तर त्या घराच्या पुढच्या पिढीच्या आरोग्याचा हिशेब तेथेच चुकू लागतो.

भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष बोलके आहेत. २००८ ते २०२० या काळात १,१३,०४३ प्रौढांची पाहणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहाची पूर्वावस्था १५.३ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के, पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख पूर्वावस्थेतील लोक आहेत, असा त्यातून अंदाज निघाला. मराठी माणसाला जवळच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. यातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या प्रचंड पाहणीत साखर मोजली गेली ती बोटातील थेंबावर, ग्लुकोमीटरनेच. दारोदारी जाऊन खेड्यापाड्यांत तपासणी करावयाची, तर दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता.

एका थेंबाचे विज्ञान

चरकसंहितेने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण नोंदवले. सुश्रुताने प्रमेहाचे दोन वर्ग केले : जन्मतः आलेला सहज आणि अपथ्यामुळे जडलेला अपथ्यनिमित्तज. अवलोकनाची ही परंपरा अभिमानास्पद आहे. तथापि केवळ अभिमानाने कोणाची साखर कमी होत नाही. मुंग्या जमेपर्यंत थांबणे म्हणजे रोग पुरता बळावेपर्यंत थांबणे होय. पूर्वजांनी त्यांच्या काळातील उत्तमोत्तम साधनांनी जे केले, ते आजच्या साधनांनी पुढे नेणे हाच परंपरेचा खरा सन्मान आहे.

१९६२ साली लेलँड क्लार्क यांनी एन्झाइम म्हणजे विकर आणि विद्युताग्र यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तत्सम विकर लावलेले असते. रक्तातील ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, त्यातून मुक्त झालेले इलेक्ट्रॉन एका मध्यस्थ रसायनामार्फत विद्युताग्राकडे जातात आणि जो सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, त्यावरून यंत्र साखरेचा आकडा सांगते. साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. १९७० च्या सुमारास निघालेले पहिले यंत्र किलोभराहून जड होते आणि ते डॉक्टरांच्या खोलीतच असे. आजचे यंत्र सदऱ्याच्या खिशात राहते.

चरबीची पट्टी निराळ्या रीतीने काम करते. तिच्यातील पापुद्रे प्रथम तांबड्या पेशी गाळून बाजूला ठेवतात. उरलेल्या द्रवातील कोलेस्टेरॉलवर वा ट्रायग्लिसराइडवर विकरांची क्रिया होऊन रंग उमटतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून यंत्र आकडा काढते. यासाठी साखरेच्या पट्टीपेक्षा बराच मोठा थेंब लागतो आणि काही मिनिटे थांबावे लागते.

तिसरी तपासणी एचबीए१सी. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटून राहते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून हिमोग्लोबिनचा किती भाग साखरेने माखला आहे हे पाहिले, की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के ही पूर्वावस्था आणि ६.५ वा अधिक म्हणजे मधुमेह, असा सर्वसाधारण संकेत आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून या तपासणीला फसवता येत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

यंत्राची मर्यादा

यंत्राने दाखवलेला आकडा हा न्यायनिवाडा नव्हे, ती केवळ साक्ष असते. साक्ष तपासून घ्यावी लागते. ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते साखर १०० वा अधिक असताना शंभरांपैकी ९५ वेळा आकडा खऱ्या मूल्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला तरी तो ग्राह्य धरते. म्हणजे खरी साखर १२० असताना यंत्राने १०२ दाखवले काय किंवा १३८ दाखवले काय, यंत्र निर्दोषच ठरेल! तेव्हा उपाशीपोटी १२४ आले म्हणून पेढे वाटू नयेत आणि १२८ आले म्हणून हातपाय गाळू नयेत. मधुमेहाचे निदान प्रयोगशाळेत, शिरेतील रक्तावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावयास हवे.

हाताळणीतील चुकाही कमी नाहीत. केळे सोलून किंवा गुळाचा खडा हाताळून आलेल्या माणसाचे बोट न धुता टोचले, तर बोटावरची साखर रक्तातील साखर म्हणून मोजली जाते. स्पिरिट लावून ते वाळण्याआधीच टोचले तरी आकडा बिघडतो. थेंब येत नाही म्हणून बोट जोराने पिळले, तर रक्तात पेशींभोवतीचा द्रव मिसळतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले की कोकणातील दमट हवा किंवा विदर्भातील वैशाखाची उष्णता पट्ट्या निकामी करते. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर अधिक असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एचबीए१सीची अडचण आणखी निराळी आहे. लोहाच्या अभावाने पांडुरोग झालेल्या स्त्रीत हा आकडा खोटा वाढू शकतो. उलट सिकलसेलसारख्या विकारात तो भ्रामक ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. विदर्भ आणि खानदेशच्या वनवासी भागात सिकलसेल आहे. तेथे एका आकड्यावर विसंबून राहणे योग्य होणार नाही.

शिबिराचे शास्त्र

सेवावस्तीत वा सोसायटीत आरोग्य शिबिर भरवणे हे कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेले काम आहे. मंडप, फलक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे मनोगत, सारे यथासांग होते. संध्याकाळी वृत्त जाते : इतक्या जणांची तपासणी झाली. येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे.

पाच निकषांपैकी पहिल्या दोहोंना रक्ताचा थेंबही लागत नाही. शिंप्याची टेप आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते. कंबर मोजावयाची ती पँटच्या पट्ट्यावरून नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडल्यावर मोजावयाची. हे झाल्यावर ज्याचे हे दोन्ही आकडे वाढलेले आहेत, त्याला तिसऱ्या निकषासाठी साखरेची एक पट्टी कदाचित पुरेल. पैसा आणि पट्ट्या यांचा विनियोग असा विचारपूर्वक झाला, तर त्याच निधीत कितीतरी अधिक घरे तपासून होतील. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने २००५ साली भारतीयांसाठी जी गुणपद्धती मांडली, तिलाही रक्त लागत नाही. वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चार प्रश्नांना मिळून शंभर गुण आहेत. साठ वा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. अशांची तपासणी आधी करावी.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड सायंकाळच्या शिबिरात मोजता येत नाही. दुपारच्या जेवणानंतरचा आकडा काय सांगणार? प्रभातशाखेवर येणारा स्वयंसेवक मात्र रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तासांनी, बहुधा काही न खाता आलेला असतो. त्याने घरून चहा घेतला आहे का, एवढे विचारून घ्यावे. तपासणी शारीरिक कार्यक्रमाच्या आधी व्हावी, कारण सूर्यनमस्कार घालून धापा टाकत असताना मोजलेला रक्तदाब खरा नसतो. पाच मिनिटे शांत बसवून मगच तो मोजावा.

सुरक्षिततेत तडजोड नको. प्रत्येकासाठी नवी टोचणी वापरावी, ती पुन्हा वापरली जाऊ नये. एका टोचणीने दोघांना टोचल्यास कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. वापरलेल्या टोचण्या भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमा करून, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी. सेवेच्या मंडपामागे सांडलेली टोचणी कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हातात घुसली, तर ती सेवा कसली?

आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे गोपनीयता. आकडा मोठ्याने पुकारू नये. लग्नाच्या वयाच्या मुलीची साखर थोडी वाढलेली निघाली आणि ते शेजारच्या चार जणींनी ऐकले, तर पुढे काय होते हे मध्यमवर्गीय घरांना सांगावयास नको. आकडा ज्याचा, त्याच्याच हाती द्यावा. तसेच शिबिरात नेहमी दिसणारे एक दृश्य बदलले पाहिजे. पतीला पुढे करून गृहिणी म्हणते, 'ह्यांचं बघा आधी, मला काही झालेलं नाही,' आणि स्वतः बाजूला उभी राहते. घराचा स्वयंपाक, सासूसासऱ्यांची औषधे, मुलांचे डबे जिच्या जिवावर चालतात, तिचे बोट सर्वांत आधी तपासले गेले पाहिजे.

आकडा कळल्यानंतर

शिबिर संपते, मंडप उतरतो. ज्याची साखर वाढलेली निघाली, त्याच्या खिशात एक चिठ्ठी राहते. ती चिठ्ठी पुढे कोठे जाते? पँट धुण्याला पडते, चिठ्ठीचा लगदा होतो आणि सहा महिन्यांनी तोच माणूस पुढच्या शिबिरात पुन्हा रांगेत उभा राहतो. वृत्तात तो दोनदा मोजला जातो, परंतु त्याच्या आयुष्यात काहीच बदललेले नसते. नुसते सांगून सोडून देणे हे एका अर्थी न सांगण्यापेक्षाही वाईट, कारण माणसाच्या मनात भीती तेवढी पेरली जाते आणि वाट दाखवली जात नाही.

म्हणून शिबिराची खरी संख्या कोणती, याचा निर्णय झाला पाहिजे. किती तपासले हा पहिला आकडा. किती जण पंधरा दिवसांत डॉक्टरांपर्यंत पोहोचले हा दुसरा. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा किती जणांची कंबर, रक्तदाब, साखर उतरली, हा तिसरा. वृत्त द्यावयाचे ते तिसऱ्या आकड्याचे. यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक वही आणि एकेका कार्यकर्त्याकडे दहा घरे एवढे पुरते. घरी जाऊन विचारपूस करणे, नाव लक्षात ठेवणे, पुन्हा पुन्हा जाणे ही तर संघटनेची सिद्ध कार्यपद्धती आहे. गटनायक ज्या आत्मीयतेने अनुपस्थित स्वयंसेवकाच्या घरी जातो, त्याच आत्मीयतेने त्याने वाढलेल्या रक्तदाबाच्या घरी जावे. शासनाची व्यवस्थाही हाताशी आहे. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे, आशा सेविका घरोघरी जाऊन माहिती भरतात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत तपासणीची सोय आहे. तिच्याशी स्पर्धा न करता वस्तीतील माणूस तेथपर्यंत पोहोचेल एवढे पाहिले, तरी मोठे काम होईल.

वाट दाखवावयाची म्हणजे काय दाखवावयाचे? २००२ साली अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधक प्रयोगात असे दिसले की, आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सुमारे सात टक्के वजन कमी करणे हे उद्दिष्ट ठेवणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे पूर्वावस्था ही अटळ नियती नव्हे. तेथून परत फिरता येते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. 'मधुमेह मुळापासून नष्ट' अशा जाहिराती आजही भिंतींवर दिसतात, मोबाइलवर फिरतात आणि पुष्कळदा त्यांवर आयुर्वेदाचे नाव असते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मधुमेहाविषयी अशा जाहिरातींना मनाई केलेली आहे. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे जीवघेणे ठरू शकते. ज्याला आयुर्वेदाविषयी खरा आदर आहे, त्याने त्याच्या नावाचा असा बाजार होऊ देता कामा नये.

पंगत आणि बैठक

चरकाने प्रमेहाची जी कारणे सांगितली, त्यांत सुखाने बसून राहणे आणि सुखाने झोपणे यांचा उल्लेख येतो. कार्यकर्त्याचा दिवस पाहिला तर हे वचन बोचल्याशिवाय राहत नाही. सकाळी तासभर शाखा, नंतर दिवसभर कार्यालयातील खुर्ची, सायंकाळी एक बैठक, रात्री दुसरी. प्रत्येक बैठकीला चहा, चहासोबत खारी किंवा फरसाण. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर केवळ चहातून पोटात जाते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर शक्य तर दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवण्याचे सुचवले आहे. गणपतीचे मोदक आणि संक्रांतीचा तिळगूळ यांना उगाच दोष दिला जातो. सण वर्षातून मोजके येतात, चहा रोज येतो.

प्रवासी कार्यकर्त्याची अडचण तर आणखी गहन आहे. आज या घरी भोजन, उद्या त्या घरी. प्रत्येक गृहिणीला वाटते, पाहुणा रोज थोडाच येतो! आग्रह होतो, वाटीभर श्रीखंड वाढले जाते, 'एवढ्याने काय होतं' म्हणून पुरी पडते. त्या घराच्या दृष्टीने तो एकच दिवस असतो, कार्यकर्त्याच्या दृष्टीने मात्र तीनशे पासष्ट. ज्या माऊलीला त्याची काळजी आहे, तिने त्याच्या ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक वाढावे आणि आग्रह करावयाचा तर कोशिंबिरीचा करावा. यात आतिथ्य उणे पडत नाही. आतिथ्याचा हेतू पाहुण्याने दीर्घकाळ येत राहावे, हाच तर असतो!

डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. १९२५ साली त्यांनी जी रचना उभी केली, तिच्या दैनंदिन तासात मात्र शारीरिक कार्यक्रमाला अढळ स्थान दिले. त्या तासाचा अर्थ आज नव्या संदर्भात समजून घेतला पाहिजे. मैदानावरील पटाईत तरुण चाळिशीत शिरला की पुष्कळदा केवळ बौद्धिकापुरता उरतो. दंड कपाटावर जातो आणि पोट पुढे येते. त्याने पुन्हा मैदानावर उतरावे, रोज अर्धा तास तरी घाम गाळावा, बैठकीला चालत जावे, यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

बंधुभगिनींनो, देश बलशाली व्हावा अशी आकांक्षा बाळगणाऱ्यांनी देशातील माणसांच्या धमन्यांची चिंता केली पाहिजे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री अंथरुणाला खिळली, की एका घराची बचत, एका मुलाचे शिक्षण आणि एका वृद्धाचा आधार एकाच वेळी कोलमडतो. सेवावस्तीतील घर तर त्यातून पुन्हा उभेच राहत नाही. हे टाळता येण्याजोगे आहे. प्रारंभ स्वतःपासून व्हावा. या आठवड्यात प्रत्येकाने घरातील सर्वांच्या कमरेचा घेर आणि रक्तदाब मोजून एका वहीत तारखेसह लिहावा. धोका दिसेल त्याची साखर आणि चरबी उपाशीपोटी तपासून घ्यावी. आकडा वाढलेला असेल तर डॉक्टर गाठावा. आणि तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडावी. दुसऱ्या पानावरचा आकडा पहिल्या पानापेक्षा उतरलेला दिसला, की मग शेजारच्या घराचे दार ठोठवावे.